डांबराचा गाभा आणि धरणाची सुरक्षितता



रस्त्यावरचे डांबर दोन पावसाळ्यांत उखडते, मग ते धरणाच्या पोटात कसे टिकेल? आठवीच्या वर्गातून आलेला हा प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सर्वांसाठी लिहीत आहे.

माती-दगडांच्या धरणात पाणी अडवण्याचे काम मधला गाभा करतो. तो बहुधा मातीचा असतो. भराव स्वतःच्या वजनाने खचतो, पाण्याच्या दाबाने थोडा सरकतो. अशा वेळी गाभ्याला भेग पडली तर पाणी मातीचे कण वाहून नेते आणि भेगेचे भगदाड होते. अमेरिकेतील टेटन धरण ५ जून १९७६ रोजी, पहिल्यांदाच भरत असताना, असेच आतून पोखरले जाऊन फुटले. ११ जण दगावले.

नॉर्वेत बांधकामाचा हंगाम लहान आणि पाऊस फार. ओल्या मातीची नीट दबाई होत नाही. तिथे डांबरी गाभा सोयीचा ठरला. १९९७ मध्ये पूर्ण झालेले स्टोरग्लोमवात्न धरण १२५ मीटर उंच आहे, पण त्याचा गाभा तळाशी ९५ आणि माथ्याशी अवघा ५० सेंटिमीटर जाड! आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतीसुद्धा एवढ्या असतात.

ही पातळ भिंत पाण्याचा एवढा दाब पेलते कशी? खरे तर ती पेलतच नाही. दाब ती मागच्या भरावावर सोपवते. तिने फक्त भराव हलेल तसे, न फाटता, वाकत जायचे. म्हणून मिश्रणात डांबर सढळ हाताने, सुमारे ६.५ ते ७ टक्के घालतात. (आपल्याकडे रस्त्यांवर हाच हात आखडतो, पण तो विषय वेगळा.) गरम मिश्रणाचे सुमारे २० सेंटिमीटरचे थर, दोन्ही बाजूंना बारीक खडी घालत, रोलरने दाबतात. आतली पोकळी ३ टक्क्यांहून कमी राहिली की पाण्याला वाटच उरत नाही. रस्त्याच्या डांबरात पोकळी जास्त, वरून ऊन, हवा, ट्रकांची वर्दळ. धरणाच्या आत यांतले काही नसते, म्हणून डांबर लवचिक राहते. बारीक भेग पडलीच तर वरच्या वजनाने ती हळूहळू मिटते.

नाजूक जागा म्हणजे तळाच्या काँक्रीटशी होणारा सांधा. शिवाय बांधून झाल्यावर गाभ्यापर्यंत हात पोहोचत नाही. त्यामुळे बांधतानाच थराथराची तपासणी होते. पुढे झिरपलेले पाणी पायथ्याशी एका खाचेतून वाहू देतात आणि मिनिटाला किती लिटर येते ते नोंदवत राहतात. आकडा अचानक वाढला किंवा पाणी गढूळ आले, तर जलाशयाची पातळी उतरवायला घेतात.