मुळेच्या काठावर सायप्रिनस

(राहुरी तालुक्यातला मुळा धरणाचा जलाशय, बारागाव नांदूरच्या बाजूचा काठ. ऊन उतरलंय. मामा गळाला कणीक-पेंडेची गोळी लावताहेत.)

भाची : मामा, पलीकडं पाणी एवढं शांत आहे. मग लाटा आपटतात त्याच काठाला का बसलात?

मामा : दुपारपासून वारा इकडं वाहतोय. पाण्यावरचं बारीकसारीक खाद्य तो याच काठाला लोटतो, अन् खाद्यामागं मासा येतो. उन्हात तो खोल पाण्यात असतो; वर्दळ थांबली, उजेड मंदावला की उथळात चरायला निघतो. आणि पाय आपटू नकोस. सायप्रिनस, रोहू, कटला अशा माशांत पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. काठावरचा दणका लगेच कळतो त्यांना.

भाची : गोळी किती खोल सोडायची, ते कशावरून ठरवता?

मामा : माशाच्या तोंडावरून. कटल्याचं तोंड वर वळलेलं, म्हणून तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या, मृगळ तळाला. मला आज हवाय सायप्रिनस. तो तळाचा चिखल तोंडात घेतो, खाण्याजोगं ठेवतो, बाकीचं थुंकतो. तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात, त्यांनी चाचपत चालतो. त्याच्यासाठी गोळी तळाला टेकलीच पाहिजे.

भाची : चावतो का?

मामा : जबड्यात दातच नाहीत! ते घशात असतात. दाणे, शिंपले तिथं भरडतो. म्हणून दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तरंडा नुसता थरथरला तर हिसका द्यायचा नाही, तो अजून चव घेत असतो. सरकत बुडाला, की ओढायचं.

भाची : हा इथलाच मासा?

मामा : नाही गं. 1939 मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणला. 1957 मध्ये बँकॉकहून दुसरा वाण आला, तो आपल्या उष्ण पाण्यात रुळला. याची अंडी चिकट, पाणवेलींना धरून राहतात, त्यामुळं साठलेल्या पाण्यातही याची वीण होते. कटला, रोहू, मृगळ यांना मात्र अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं.

भाची : मग तळ्यांत कसे सापडतात ते?

मामा : माणसांनी सोडलेले असतात. पूर्वी पुराच्या नदीतून माशांचं बीज गोळा करायचे, त्यात नको त्या जातीही यायच्या. 10 जुलै 1957 ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरींनी माशांना पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालून घेतली, तिथून चित्र पालटलं. आता बीज केंद्रात तयार होतं अन् बोटाएवढी झालेली पिल्लं, म्हणजे बोटुकली, पाण्यात सोडतात. आपल्या जिल्ह्यात धरण म्हटलं की ऊस अन् आवर्तन एवढंच बोललं जातं. या 26 टीएमसीच्या धरणात मच्छीमारांचंही पीक उभं असतं, त्याची कुणी आठवण काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांच्या संस्थेला विचारल्याशिवाय मी कुठल्याच धरणात गळ टाकत नाही.

भाची : मामा, तरंडा!

मामा : थांब, थरथरतोय नुसता... सरकला! ओढ आता. दोरी सैल सोडू नको. आधी हात ओले कर. कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो अन् माशाला रोग धरतो.

भाची : वीतभर तर आहे!

मामा : सोड त्याला, वाढू दे अजून. अन् दुसरी गोळी मळ, या वेळी पेंड जरा जास्त घाल.