भाऊबीजेचा स्वयंपाक आधी करून ठेवला तर?

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. माझी कंपनी अंबड एमआयडीसीत आहे आणि भाऊबीजेला सुट्टी नाही. संध्याकाळी साडेसहाला घरी पोचायचं आणि साडेआठला बारा माणसांची पानं वाढायची. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कोथिंबीरवडी, कोशिंबीर आणि वरणभात असा बेत आहे. यातलं काय आधी करून ठेवता येईल? सासूबाई म्हणतात, सणाला शिळं वाढायचं नाही. मैत्रीण म्हणते, फ्रिजमध्ये ठेवलं की काहीच खराब होत नाही. खरं कोणाचं?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : दोघींचंही थोडं थोडं खरं आहे. तुमचा पेच सुटायचा तर प्रश्न जरा वेगळ्या तऱ्हेने विचारायला हवा. कोणता पदार्थ आधी करता येईल, असं विचारलं की गोंधळ होतो. त्या पदार्थातलं कोणतं काम आधी उरकता येईल, असं विचारा. बहुतेक पदार्थांत एखादंच काम अगदी ऐनवेळी करावं लागतं. फोडणी, तळण, तव्यावर शेकणं किंवा मीठ-दही कालवणं. बाकीचं सगळं आधी होऊ शकतं.

आधी मैत्रिणीचं म्हणणं पाहू. फ्रिजमध्ये जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते. अन्न नासवणारे आणि पोट बिघडवणारे बहुतेक जंतू साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेलं अन्न या टप्प्यात फार वेळ राहू द्यायचं नाही. दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये जायला हवं. गरम पातेलं तसंच आत ठेवलं तर मधला भाग कितीतरी तास कोमटच राहतो. निवेल म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवलं तर त्याहून वाईट. परातीत किंवा पसरट डब्यात दोन बोटं जाडीचा थर पसरा. वाफ गेली की झाकण लावून आत ठेवा.

आता पुरण. बारा जणांना पाऊण किलो हरभरा डाळ आणि तेवढाच गूळ पुरतो. त्यात वीस-पंचवीस पोळ्या होतात. हे पुरण दोन दिवस आधी करायला हरकत नाही. गूळ ओलावा धरून ठेवतो आणि जंतूंना तो सहजी मिळत नाही, म्हणून पुरण साध्या शिजवलेल्या डाळीपेक्षा जास्त टिकतं. मात्र ते नीट आटलेलं हवं. उलथनं मधोमध रोवलं आणि ते न कलंडता उभं राहिलं, म्हणजे पुरण झालं. सैल राहिलं तर लवकर आंबतं आणि लाटताना पोळीही फुटते. यंत्रातून काढायचं ते गरम असतानाच, कारण निवलेलं पुरण घट्ट होतं आणि हात भरून येतात.

कट मात्र नुसता ठेवू नका. त्यात डाळीचा स्टार्च आणि प्रथिनं उतरलेली असतात, त्यामुळे तो पुरणाच्या कितीतरी आधी आंबतो. पुरण कराल त्याच रात्री आमटी करून टाका. चिंचेच्या आंबटपणामुळे ती जरा जास्त टिकते. शिवाय गोडा मसाला आणि भाजलेलं खोबरं मुरायला वेळ मिळतो, म्हणून दुसऱ्या दिवशीची आमटी अधिक चवदार लागते. फ्रिजमध्ये ती दाट होईल. वाढण्याआधी गरम पाणी घालून खळखळून उकळा, नुसती कोमट करू नका.

पोळ्यांची कणीक आदल्या रात्री भिजवण्याचा मोह टाळा. रात्रभरात ती काळपट पडते, कारण कोंड्यातल्या काही घटकांचा हवेशी संयोग होत राहतो. त्या दिवशी सकाळी सैलसर भिजवा, तेल लावून तिंबा आणि झाकून ठेवा. तास-दीड तासात ती इतकी लवचीक होते की पुरण भरून लाटताना फाटत नाही. सकाळी वेळ असेल तर पोळ्याही शेकून घ्या. वाफ जिरल्यावर कापडात गुंडाळून डब्यात ठेवल्या तर पुरणपोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. जेवणाआधी तुपावर परतली की पुरे.

कोथिंबीर बुधवारी गंगाघाटावरच्या बाजारातून आणलीत तर आणल्याबरोबर धुऊ नका. ओली जुडी लवकर सडते. निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळा आणि वापरायच्या वेळी धुवा. वड्यांचे उंडे दोन दिवस आधी वाफवून फ्रिजमध्ये ठेवा. गार उंड्याच्या वड्या सुबक पडतात, गरम उंडा सुरीखाली चुरतो. तळणी तेवढी त्या संध्याकाळी. बटाटेही आदल्या रात्री सालासकट उकडून फ्रिजमध्ये ठेवा. फोडणी देऊन भाजी करायला मग दहा मिनिटं लागतात.

कोशिंबिरीची काकडी चिरून, दाण्याचं कूट करून ठेवता येतं, पण मीठ आणि दही आधी घालू नका. मीठ काकडीतलं पाणी बाहेर ओढतं आणि तासाभरात कोशिंबिरीचं सार होतं. पानं मांडल्यावरच कालवा.

वरणाची तूरडाळ आदल्या रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवली तरी चालते. भात मात्र ऐनवेळीच लावा. तांदळावर बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर तसाच पडून राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. कुकरला वीस मिनिटं लागतात, ती वाचवण्यात अर्थ नाही.

उरला सासूबाईंचा आक्षेप. त्यामागचा आग्रह योग्य आहे. पानात पडेल ते ताजं, गरम आणि मन लावून केलेलं असावं. गौरीच्या नैवेद्याला बऱ्याच घरी सगळं त्याच दिवशी सोवळ्यात रांधतात. तिथे ती रीत पाळावी आणि आधीची तयारी निवडणं, भाजणं, कुटणं एवढ्यावर ठेवावी. पण आधी करून ठेवलेलं म्हणजे सणाला वर्ज्य, असं आपल्याकडे कधीच नव्हतं. श्रावणात शीतळा सप्तमीला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी रांधलेलंच जेवतात. पानातल्या कुरडया आणि पापड तर उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेले असतात. त्यांतलं पाणी उन्हाने काढून घेतलेलं असतं, म्हणून ते दिवाळीपर्यंत टिकतात. पुढचा विचार करून स्वयंपाक करणं सासूबाईंच्या पिढीला आपल्यापेक्षा जास्त चांगलं जमत होतं. तेव्हा तयारीची यादी त्यांच्यासोबत बसूनच करा.

असं केलंत तर साडेसहाला घरी आल्यावर भात-वरण, भाजीची फोडणी, आमटीची उकळी, वड्या-कुरडयांचं तळण, पोळ्या गरम करणं आणि कोशिंबीर एवढंच उरतं. एकीने कढई, दुसऱ्याने तवा आणि तिसऱ्याने पानं सांभाळली तर तासाभराचं काम. म्हणजे आठच्या आत तुम्हालाही हातपाय धुऊन, साडी बदलून भावाला ओवाळता येईल. जेवणं झाल्यावर मात्र उरलेली आमटी आणि भाजी गप्पा रंगल्या म्हणून ओट्यावर विसरू नका.