शरीराचें घड्याळ व साखरेचा विकार

मधुमेह हा शहरांत बसून काम करणाऱ्या धनवानांचा रोग, असें आपले वडील समजत. आतां तो आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या खेड्यांतही शिरला आहे, आणि "मी तर कृश आहें, मला साखर कशी होईल?" असें म्हणणारा शेतकरीही त्यांतून सुटत नाहीं.

या प्रश्नावर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं मोठें काम केलें आहे. १९९३ सालीं त्यांनीं पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. तेथील बालकें जन्मतः सरासरी २.७ किलो भरलीं. इंग्लंडांतील साउथॅम्प्टनचीं ३.५ किलो. परंतु नवल असें कीं, आमच्या बालकांत स्नायु फार कमी असून चरबी त्या मानानें घटली नव्हती. म्हणजे दिसण्यांत कृश मनुष्यही आंतून मेदयुक्त असूं शकतो. स्नायु हें साखरेचें कोठार होय. कोठार लहान असलें म्हणजे धान्य अंगणांत पडून राहतें, तशी साखर रक्तांत राहते. ज्या माता गरोदरपणीं हिरव्या पालेभाज्या वारंवार खात, त्यांचीं बालकें अधिक वजनाचीं होतीं, असेंही तेथें दिसलें. (अंबाडी व चिवळ यांस गरीबाची भाजी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं हें ध्यानांत धरावें.)

दुसरी गोष्ट वेळेची. शरीरांतील घड्याळ कसें चालतें याच्या शोधाबद्दल २०१७ सालीं हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें. मेंदूंतील मुख्य घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून लागतें. यकृताचें घड्याळ बहुतांशीं जेवणाच्या वेळेवरून. रात्रीं इन्शुलिनचें काम मंदावतें, म्हणून तेंच जेवण दिवेलागणीऐवजीं रात्रीं अकरास घेतल्यास साखर अधिक चढते.

ऊन भाजूं लागण्यापूर्वीं शेत गांठणें व दिवेलागणीस ज्वारीची भाकर व वरण खाणें, ही जुनी रीत या घड्याळास धरून होती. परंतु रब्बींत गहू-हरभऱ्यास पाणी देण्यासाठीं पंपाची वीज पाळीनें येते, पुष्कळदां मध्यरात्रीं. मनुष्य थंडींत बांधावर उभा राहतो, गोड चहा पुनःपुन्हा घेतो, पहांटे जेवतो व दिवसा निजतो. यांत त्याचा आळस नाहीं. उपदेशकांनीं त्यास दोष देऊं नये. २०१७ सालीं निघालेल्या सौर कृषि वाहिनी योजनेचा हेतु दिवसा वीज देण्याचा आहे. जेथें ती पोंचली नाहीं, तेथें ग्रामसभेंत मागणी करणें हेंही आरोग्याचेंच काम होय. तोंवर पाळीच्या रात्रीं जेवण आधींच उरकावें, चहा बिनसाखरेचा घ्यावा, आणि दिवसा अंधाऱ्या खोलींत पुरी झोप घ्यावी.

मंडळ्यांचीही एक खोड सांगतों. प्रार्थनासभा साडेदहास संपते व मग भात व बुंदीची पंगत बसते. पंगत सभेच्या आधीं, सूर्य मावळतांना बसवितां येईल. जेवून मंदिरापर्यंत पायीं यावें, म्हणजे पायांचे स्नायु साखर ओढून घेतात.

मात्र जे गोळ्या किंवा इन्शुलिन घेतात, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून जेवणाची वेळ बदलूं नये. साखर एकाएकीं उतरून मनुष्य बेशुद्ध पडतो. हा विकार कित्येक वर्षें कांहींही न दुखतां वाढतो. यास्तव तीस वर्षांवरील प्रत्येकानें, कृश असला तरी, प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन रक्त तपासून घ्यावें.