पाठीतली नळी आणि गुलाबी लघवी

प्रश्न : सासूबाईंना मुतखड्यामुळे लघवी तुंबून किडनीला सूज आली, म्हणून पाठीतून नळी घातली. कालपासून पिशवीत लघवी गुलाबी येते. शेजारी म्हणतात, नळीनं किडनी निकामी होते. काढून घ्यावी का?
– एक वाचक, वाकोला

उत्तर : ताई, नळी मुळीच काढायला लावू नका. किडनी बिघडते ती तुंबलेल्या लघवीनं. नळी तिला वाट देते. पहिले एक-दोन दिवस लघवी गुलाबी येणं स्वाभाविक आहे. गडद लाल झाली किंवा रक्ताच्या गाठी दिसल्या, तर लगेच दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेही सांगा. ती स्वतःहून बंद करू नका.

मला खरी धास्ती वाटते ती थंडी वाजून येणाऱ्या तापाची. अडलेल्या किडनीतले जंतू काही तासांत रक्तात पसरू शकतात. तेव्हा ओपीडीची वाट पाहू नका. मध्यरात्र असली तरी जवळच्या व्ही. एन. देसाई रुग्णालयात तातडीनं न्या.

पिशवी रिकामी राहिली, तर नळी मुडपली आहे का ते पाहा. निसटली तर आत ढकलू नका. स्वच्छ गॉज लावून त्याच वेळी निघा. ती वाट लवकर बुजते. पिशवी कायम कमरेखाली ठेवा. नळी जास्त काळ ठेवायची असेल, तर साधारण ३ महिन्यांनी बदलतात. ती तारीख आजच लिहून घ्या.