गिबोनकरांची शिदोरी आणि आजची बनावट संकेतस्थळे

शास्त्रवाचन : यहोशवा ९:३-२७

यरीहो व आय या नगरांचे काय झाले हे गिबोनच्या रहिवाशांनी ऐकले, तेव्हा त्यांनी युद्धाऐवजी युक्तीचा मार्ग धरला. गाढवांवर जुन्या गोण्या, फाटलेले व शिवलेले द्राक्षारसाचे बुधले, पायांत ठिगळे लावलेले जोडे आणि शिदोरीला वाळून बुरसलेली भाकर, अशा थाटात ते गिलगालच्या छावणीत आले व आपण फार दूर देशाहून आलो आहोत असे म्हणाले. इस्राएल लोकांना शंका आली नाही असे नाही; तुम्ही जवळपासचेच असाल, असे त्यांनी बोलूनही दाखविले (व. ७). तथापि त्यांनी ती शिदोरी पाहिली, परमेश्वराला मात्र विचारले नाही (व. १४), आणि तह करून शपथ वाहिली. तीन दिवसांनी कळले की, हे तर शेजारीच!

येथे चूक कोणती झाली? तपासणी झाली होती; परंतु ती फसविणाऱ्याने स्वतः आणलेल्या पुराव्याची झाली. भाकर खरोखर शिळी होती. पण तिच्यावरून पाहुणे कोठले हे ठरत नव्हते.

आजची शिदोरी

बनावट संकेतस्थळाची रीत हीच असते. संस्थेचे बोधचिन्ह, अधिकाऱ्यांची छायाचित्रे, समाधानी ग्राहकांचे अभिप्राय हे सर्व फसविणाराच मांडून ठेवतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसविणे आवश्यक करण्यात आले. २०२५ साली ही नोंदणी चालू असता तिच्या नावाने बनावट संकेतस्थळे निघाली. दुचाकीसाठी ठरलेले शुल्क ४५० रुपये व त्यावरील कर एवढेच होते. इतकी लहान रक्कम भरताना माणूस फारसा विचार करीत नाही. परंतु त्याच वेळी बँकेच्या कार्डाचा तपशीलही परक्या हाती जाऊ शकतो. केदारनाथच्या हेलिकॉप्टर प्रवासाच्या नावानेही असेच प्रकार झाले. यात्रेकरूची श्रद्धा असो वा अनाथांविषयीची आपली कळवळ, फसविणारा मनाच्या कोवळ्या जागेवरच बोट ठेवतो.

ओळखावे कसे?

१. पत्ता शेवटाकडून वाचावा. सुरुवातीची जोड तिरपी रेघ सोडून पुढे जी पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिच्या लगत आधीची अक्षरे पाहावीत. स्थळाचा खरा धनी तेथे कळतो. सरकारी स्थळाचा पत्ता तेथे सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. प्रारंभी ‘महाराष्ट्र’ किंवा ‘परिवहन’ हे शब्द कोणीही घालू शकतो. रिझर्व्ह बँकेनेही बँकांना ‘बँक डॉट इन’ने संपणारे पत्ते ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत स्वीकारण्यास सांगितले होते, ते याच हेतूने.

२. कुलपाच्या चिन्हावर विसंबू नये. वाटेत कोणी मजकूर वाचणार नाही, एवढीच ते हमी देते. पलीकडे कोण बसला आहे हे सांगत नाही. पुष्कळांचा असा गैरसमज होतो म्हणून गूगलने २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतून ते चिन्ह काढून टाकले.

३. वाट आपली असावी. संदेशातून आलेल्या दुव्याने जाऊ नये. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारे स्थळ पुष्कळदा पैसे देऊन केलेली जाहिरात असते. पासबुकावरील, पावतीवरील किंवा कार्यालयातून मिळालेला पत्ता स्वतः लिहावा. देणगीचे आवाहन आले, तर त्यातील क्रमांकावर नव्हे, आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर विचारणा करावी.

४. घाई हा धोक्याचा इशारा समजावा. “आजच भरा, नाहीतर खाते बंद होईल,” असे सांगणाऱ्याला आपले थांबणे नको असते. इस्राएल लोक आणखी तीन दिवस थांबते, तर ती शपथ घ्यावीच लागली नसती.

फसवणूक झाल्यास

विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे व आपल्या बँकेलाही सांगावे. जबलपूर जिल्ह्यातील मझौलीसारख्या लहान ठिकाणी राहणाऱ्यालाही हाच क्रमांक आहे. पैसे काढून घेतले जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ते रोखून धरता येतात. म्हणून येथे एकेक तास मोलाचा असतो.

परंतु नेमका हाच वेळ लाजेत जातो. वृद्ध पिता मुलांपासून लपवितो. विधवा भगिनी मंडळीत बोलत नाही. त्यांना आठवण द्यावी की, यहोशवासारखा परमेश्वराचा सेवकही फसला, आणि पवित्र शास्त्राने ती गोष्ट झाकून ठेविली नाही. त्या वेळी मंडळीने कुरकुर केली (व. १८). आपली मंडळी काय करील? फसलेल्याला हसणारी मंडळी पुढच्याचे तोंड बंद करते. ऐकून घेणारी मंडळी त्याची पुंजी वाचवू शकते.

मननासाठी प्रश्न

१. शंका आली असूनही इस्राएल लोक का थांबले नाहीत?
२. पैसे पाठविण्यापूर्वी मी घरात किंवा मंडळीत कोणाला विचारतो?
३. फसलेला मनुष्य माझ्याकडे निःसंकोचपणे येऊ शकेल काय?