काकतालीय न्याय आणि आरोग्याच्या बातम्या

सप्टेंबर १९९४ मधील सुरतचे दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. पाठोपाठ आपल्या शहरात फुप्फुसांच्या प्लेगची बातमी आली. पिण्याच्या पाण्यात विष कालवल्याची अफवा उठली, मृतांचा आकडा शेकड्यांत सांगितला जाऊ लागला आणि लाखो माणसांनी सुरत सोडले. प्रत्यक्षात त्या साथीत संपूर्ण देशात नोंदले गेलेले मृत्यू साठाच्या आत होते. साथ खरी होती. आकडा मात्र भीतीने फुगवला होता.

एम.डी. होऊन मी त्या वेळी नुकताच व्यवसायाला आरंभ केला होता. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन दिसेनासे झाले होते. एका संध्याकाळी खानदेशात गावी निघालेले एक गृहस्थ तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आले. "डॉक्टरसाहेब, भुसावळच्या गाडीला तासभरच आहे. पोरासाठी काहीतरी लिहून द्या." मुलाला ताप नव्हता, खोकला नव्हता, कोणा रुग्णाचा निकट संपर्कही नव्हता. आठ वर्षांखालील मुलांत हे औषध घडत्या दातांतील कॅल्शियमशी संयोग पावते व दातांवर कायमचे डाग पडू शकतात, हे मला पाठ होते. प्रतिबंधक औषधाची खरोखर गरज असती, तरी लहान मुलांसाठी सल्फा गटातील पर्याय उपलब्ध होता. तरीही मी टेट्रासायक्लिनची चिठ्ठी लिहून दिली. बातमीने केवळ तो पिताच घाबरला नव्हता. मीही घाबरलो होतो.

पाच-सहा वर्षांनी तो मुलगा पुन्हा आला, तेव्हा त्याच्या समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. वडिलांनी दोष गावच्या विहिरीच्या पाण्याला दिला. मी मनोमन स्वतःला दिला. दोघांचेही अनुमान अपुरे होते. पाण्यातील फ्लोराइडनेही दातांवर डाग पडतात. एकट्या मुलावरून कारण सिद्ध होत नाही. माझी चिठ्ठी मात्र लिहिली त्याच क्षणी चुकीची होती. तिला नंतरच्या डागांच्या पुराव्याची आवश्यकता नव्हती. वडिलांना मी हे सारे सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण मुलाला घेऊन पुढेही येत राहिले.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, यालाच आपण काकतालीय न्याय म्हणतो. वैद्यकशास्त्रही या फसगतीतून सुटलेले नाही. १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या मान्यवर नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड व सहकाऱ्यांचा लेख आला. केवळ १२ मुलांच्या वर्णनावरून गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला गेला. तुलनेसाठी लस न घेतलेला गट नव्हता. ब्रिटनमध्ये लसीकरण घटले आणि गोवर परतला. २००२ मध्ये डेन्मार्कमधील सुमारे ५ लाख ३७ हजार मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या; लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण अधिक आढळले नाही. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले.

तरीही आजसुद्धा एखादी माता व्याकूळ होऊन विचारते, "लस दिली आणि याचं बोलणं थांबलं, असं का?" तिला हसू नये. स्वमग्नतेची लक्षणे बहुधा एक ते दोन वर्षांच्या वयात लक्षात येतात आणि लसीचा डोसही त्याच सुमारास असतो. तिचे निरीक्षण खरे असते, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. हा भेद शांतपणे उलगडून सांगणे हे आपले काम आहे.

म्हणून कोणतीही आरोग्यवार्ता वाचताना, मग ती वृत्तपत्रातील असो वा व्हॉट्सॲपवरील, काही प्रश्न विचारावेत. प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर? किती जणांवर, आणि तुलना कोणाशी केली? धोका 'दुप्पट' म्हणजे कशाच्या दुप्पट? लाखात एकाचे दोन झाले तरी दुप्पटच होते. हाच निष्कर्ष अन्य संशोधकांना मिळाला का? आणि मधुमेह मुळापासून घालवणारा काढा वा मुलांची बुद्धी वाढवणारी पावडर यांसारख्या दाव्यांत विकणारा आणि सांगणारा एकच तर नाही ना?

डॉक्टर मित्रांना एक अधिकची विनंती. हेच प्रश्न आपण आपल्या चिठ्ठीलाही विचारावेत. समाज बातमीवर शंका घेईल, परंतु आपल्या अक्षरावर घेत नाही. त्या संध्याकाळी गाडी सुटायला तासभर होता. "या मुलाला औषधाची गरज नाही, ताप किंवा खोकला आला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा," एवढे सांगायला पाच मिनिटे पुरेशी होती.