रात्रीचा खिमा पास्ता आणि सकाळची उकळी

“उकळून घेतलेलं की ओ डॉक्टर!”

उलट्या-जुलाबाच्या पेशंटला रात्रीचं काही उरलेलं खाल्लं का विचारलं, की कोल्हापुरात हे उत्तर ठरलेलं आहे. आवाजात थोडा रागही असतो. जणू उकळी आली म्हणजे पुढची जबाबदारी देवाची, नाहीतर डॉक्टरची. पूर्वी हे वाक्य पांढऱ्या रश्श्याबद्दल, मटण पुलावाबद्दल ऐकू यायचं. अलीकडे त्यात एका नव्या पदार्थाची भर पडली आहे: एकाच भांड्यात होणारा मलईदार खिमा पास्ता.

पदार्थाशी माझं भांडण नाही. नवरा-बायको दोघं कामावरून साडेसात-आठला घरी येतात, मुलांना भूक लागलेली असते आणि भाकरी, भाजी, आमटी असा सगळा घाट घालायला अंगात त्राण नसतं. मोबाईलवर पाहिलेल्या मूळ कृतीत बीफ आणि क्रीम असतं. महाराष्ट्रात गोवंशाच्या मांसावर २०१५ पासून कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे इथल्या भांड्यात मटणाचा नाहीतर चिकनचा खिमा पडतो, काही घरांत म्हशीचा. वर घरची कांदा-लसूण चटणी, गोकुळचं दूध आणि साय. अर्ध्या तासात ताटं मांडली जातात. पोटभर होतं, मुलं मुकाट्यानं खातात. तेव्हा पास्त्यानं पोट बिघडतं, परदेशी अन्न आपल्याला मानवत नाही, असल्या गप्पांकडे लक्ष देऊ नका. बिघडतं ते जेवणानंतर, भांडं ओट्यावर तसंच राहतं तेव्हा.

माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाचं सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. आईनं रात्री पाच लिटरच्या कुकरमध्ये खिमा पास्ता केला. निम्मा उरला. झाकण लावून कुकर शेगडीवरच राहिला. सकाळी थोडं दूध घालून पुन्हा खदखदून उकळला आणि लेकीच्या डब्यात गेला. साडेबाराला तिनं डबा खाल्ला, तीनच्या सुमारास वर्गातच उलट्या सुरू. वडिलांनी खापर फोडलं आदल्या संध्याकाळच्या रंकाळा तलावावरच्या भेळेवर. मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आल्या, त्याही उलटून पडल्या. संध्याकाळी पोरगी माझ्यासमोर, डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. आई मात्र ठाम: “सकाळी चांगला रटरटा उकळलाय.”

उकळला होता, यात शंका नाही. पण तोवर उशीर झाला होता.

उकळीनं काय मरतं आणि काय मरत नाही

तांदूळ, गहू, मसाले यांच्यात बॅसिलस सिरीअस नावाचा जंतू बीजाणूच्या रूपात असतो. बीजाणू म्हणजे जंतूची कवचबंद, झोपी गेलेली अवस्था. पहिल्या शिजवण्यात इतर बहुतेक जंतू मरतात, हे बीजाणू टिकतात. भांडं कोमट झालं की ते जागे होतात आणि रात्रभर वाढतात. भात, शेवया, पास्ता अशा पिठूळ अन्नात त्यांची चैन असते. दूध-साय म्हणजे वर मेजवानी. वाढताना त्यांच्यातले काही प्रकार एक विष तयार करतात. सकाळच्या उकळीत जंतू मरतो, विष राहतं. हे विष इतकं चिवट असतं की कुकरच्या शिट्ट्यांनाही दाद देत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात.

दुसरा स्टॅफिलोकॉकस. हा आपल्या नाकात, कातडीवर, बोटावरच्या पिकलेल्या जखमेत असतो. उरलेलं अन्न हातानं सारखं केलं की तो भांड्यात उतरतो. त्याचंही विष उकळीला पुरून उरतं.

तिसरा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, मोठ्या पातेल्यातल्या मटणाचा जुना सोबती. कोमट रश्श्यात, ४३ ते ४७ अंशांच्या आसपास, दहा-बारा मिनिटांत त्याची संख्या दुप्पट होऊ शकते. रात्रभराचा हिशेब तुम्हीच करा. याच्या बाबतीत मात्र तुमची उकळी उपयोगी पडते, हे मान्य करायला हवं: अन्न आतपर्यंत वाफाळतं गरम केलं तर हा मरतो. पण मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट फिरवून कडेला गरम आणि मध्ये गार असा पास्ता खाल्लात, तर तो पोटात जाऊन सहा ते चोवीस तासांत मुरडा आणि जुलाब देतो.

म्हणून शेवटचं जे खाल्लं तेच नेहमी गुन्हेगार नसतं. किती तासांनी काय सुरू झालं, हे डॉक्टरला सांगा. भेळवाल्याला उगाच बदनाम करू नका.

“पण वास येत नव्हता, तारही सुटली नव्हती.” हे दुसरं लाडकं वाक्य. अन्न आंबवणारे, विटवणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे बऱ्याचदा वेगळे. विषारी झालेला पास्ता चवीला उत्तम लागू शकतो. आणि खिम्याला हळद लावली होती, लसूण भरपूर होता, या सबबी तर सांगूच नका. हळद म्हणजे फ्रिज नव्हे.

हे किती थराला जाऊ शकतं, याचं उदाहरण वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे. २००८ मध्ये ब्रसेल्समधल्या वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं पाच दिवस स्वयंपाकघरात बाहेरच राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली. अर्ध्या तासात त्रास सुरू झाला, त्याच रात्री तो झोपेत गेला. यकृताची वाताहत झाली होती आणि स्पॅगेटीत बॅसिलस सिरीअस सापडला. घाबरू नका, असं फार क्वचित होतं. रात्रीचा पास्ता सकाळी खाणाऱ्या बहुतेकांना काही होत नाही, झालंच तर बहुधा दिवसभरात आवरतं. पण ‘आम्ही कायम असंच खातो, काय होतंय?’ हा पुरावा नाही, ते नशीब आहे.

गरम भांडं फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणे

इथे खरी गोम आहे. ‘गार झाल्यावर ठेवू’ म्हणून कुकर ओट्यावर राहतो, मालिका संपते, डोळा लागतो आणि सकाळ होते. जाड बुडाचा, भरलेला, झाकण लावलेला कुकर गार व्हायला कित्येक तास घेतो. साधारण ६० अंशांच्या खाली आणि ५ अंशांच्या वर जंतूंचं राज्य असतं. शिजलेलं अन्न या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तासाभरातच आवरा.

उपाय सोपा आहे. जेवायला बसण्याआधीच उरणारा भाग दोन-तीन पसरट डब्यांत काढा, बोटाच्या दोन पेरांपेक्षा जाड थर नको. परातीत गार पाणी घेऊन त्यात डबे ठेवा. तुमचं जेवण होईतो वाफ निघून जाईल. मग डबे फ्रिजमध्ये. थोडे कोमट असले तरी चालतील, फ्रिज त्यानं मोडत नाही. अख्खा गरम कुकर मात्र आत ढकलू नका; तो आतून तासन्‌तास गरम राहतो आणि शेजारचं दूधही तापवतो. दुसऱ्या रात्रीपर्यंत संपवा. खायचा तेवढाच भाग एकदाच, ढवळून, मधूनही वाफ येईपर्यंत गरम करा. रविवारी करून आठवडाभर पुरवा, असं सांगणाऱ्या व्हिडिओवाल्यांच्या घरी उलटी पुसायला कोणी जात नाही, म्हणून त्यांचं चालतं.

करतानाही एवढं सांभाळा. मटणाच्या तुकड्यावर जंतू बहुधा वरवर असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. त्यामुळे खिमा दुकानातून आणला की ओट्यावर ठेवून कपडे बदलायला, फोन करायला जाऊ नका. नळाच्या धारेखाली धुऊन शिंतोडे उडवू नका. कांदा-चटणीबरोबर आठ-दहा मिनिटं परता, गुठळ्या फोडा, गुलाबीपणा पूर्ण जाऊ द्या. मग पास्ता, मटार-गाजर आणि तो बुडेल एवढं पाणी. दहा-बारा मिनिटांत शिजतो. दूध-साय शेवटी, मंद आचेवर. चौघांना पाव किलो खिमा आणि अडीच वाट्या पास्ता पुरतो. अर्ध्या तासात होणारा पदार्थ उद्यासाठी दुप्पट करायचा कशाला, हे मला कोणी समजावून सांगावं.

झालाच त्रास, तर

उलटी-जुलाबात शरीरातलं पाणी आणि क्षार जातात, ते भरून काढणं हा खरा इलाज. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजून हजारो कॉलरा रुग्णांना वाचवलं. तिथे जे पुरलं, ते तुमच्या खिमा पास्त्याला नक्की पुरेल. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्या-चमच्यानं सुरू करा. बरोबर पेज, ताक, मऊ भात चालेल.

बहुतेकांना अँटिबायोटिक लागत नाही. विषावर ते चालतही नाही. ताप किंवा रक्त असताना जुलाब बंद करायची गोळी घेणं धोक्याचं. कोल्ड्रिंकमध्ये मीठ, कॉफीत लिंबू, बाळाला उगाळलेलं जायफळ हे व्हॉट्सअॅपवरचे प्रयोग स्वतःच्या घरी करू नका. जायफळानं मूल गुंगीत गेलं तर ते दुखण्यानं सुस्त आहे की जायफळानं, हे आम्हाला कळत नाही. ‘एक क्वार्टर मारली की जंतू मरतात’ म्हणणाऱ्या मंडळींच्या अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं. आणि तोंडानं पाणी पोटात राहत असेल, तर ‘एक बाटली चढवाच’ हा हट्टही सोडा.

पण पुढचं काही दिसलं तर घरी थांबू नका:

- घोटभर पाणीही पोटात न टिकणं
- सहा-आठ तास लघवी न होणं, किंवा ती अगदी थोडी आणि गडद होणं
- शौचात रक्त, किंवा १०२ च्या वर ताप
- गुंगी, बरळणं, उभं राहताच चक्कर
- रडताना मुलाच्या डोळ्यांत पाणी न येणं, टाळू खोल जाणं
- डोळे पिवळे होणं. दोन-दोन दिसणं, गिळता न येणं
- तीन दिवसांनंतरही जुलाब चालू असणं

गरोदर बाई, तान्हं बाळ, साठीपुढची माणसं, मधुमेहाचे आणि किडनीचे रुग्ण यांनी तर या यादीचीही वाट पाहू नये. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू ठेवायच्या की नाही, ते पहिल्याच दिवशी आपल्या डॉक्टरला विचारा. रात्री-अपरात्री १०८ ला फोन करा, कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा.

शेवटचं बोलणं घरातल्या आयांशी. मुलांना ताजं, नवऱ्याला गरम आणि स्वतःला कालचं, हा हिशेब मी रोज पाहतो. आधी पोराला घेऊन येता, दोन दिवसांनी स्वतः येता, तेही लघवी बंद झाल्यावर. अन्न टाकणं जिवावर येतं हे कळतं, पण ओट्यावर रात्र काढलेला पास्ता तुम्हीही खायचा नाही. आणि पुरुषांनो, मालिका लागण्याआधी कुकर रिकामा करून डबे फ्रिजमध्ये ठेवायला पाच मिनिटं लागतात. आजपासून ते काम तुमचं.